अश्मरीपातन : औषधानें खडा पाडण्याच्या उपायांचा पुरावा

(१) वैद्यकाच्या जुन्या पोथ्या व बाडें चाळणाऱ्या संशोधकास मुतखड्यावरील एकही पाठ आढळला नाहीं, असें सहसा होत नाहीं. सराटे, वायवरणा, पाषाणभेद, कुळीथ, केळीचा क्षार हीं नांवें वारंवार येतात, आणि पाठाच्या शेवटीं ‘अनुभविक’ किंवा ‘खडा पडतो’ असा शेराही पुष्कळदां असतो. पोथीचा काळ, हात, कागद व शाई यांची चिकित्सा आपण करतों. परंतु ‘खडा पडतो’ या विधानाची चिकित्सा कोणत्या नियमांनीं करावी, हा प्रश्न बहुधा वैद्यांकडे लोटून दिला जातो. वास्तविक तो इतिहासकाराचाही प्रश्न आहे. अमुक केलें व मागाहून अमुक झालें, एवढ्यावरून अमुक केल्यामुळेंच तें झालें असें म्हणतां येतें कीं नाहीं, याचा निवाडा आपणांस रोजच करावा लागतो. शस्त्र न लावतां औषधानें खडा पाडण्याच्या उपायाचा इतिहास या दृष्टीनें प्रस्तुत लेखांत मांडिला आहे.

(२) प्रथम शब्दांचा निश्चय केला पाहिजे. आजच्या शारीरशास्त्राप्रमाणें मूत्रपिंडांत तयार झालेलें मूत्र दोन बाजूंच्या दोन नळ्यांतून मूत्राशयांत उतरतें. या नळीस मूत्रवाहिनी म्हणतात. प्रौढ मनुष्यांत तिची लांबी सुमारें २५ ते ३० सेंटिमीटर असून ती तीन ठिकाणीं अरुंद असते : मूत्रपिंडापासून निघते तेथें, कटीच्या पोकळींत उतरतांना मोठ्या रक्तवाहिन्या ओलांडते तेथें, आणि मूत्राशयाच्या भिंतींत शिरते तेथें. शेवटची जागा सर्वांत अरुंद. मूत्रपिंडांतून सुटलेला खडा या नळींत अडकला म्हणजे कुशीपासून जांघेकडे उतरणारी ती प्रसिद्ध कळ सुरू होते.

सुश्रुतसंहितेंतील कल्पना याहून निराळी आहे. नवा घडा गळ्यापर्यंत पाण्यांत ठेविला असतां तोंडांतून पाणी न शिरतांही जसा कडांनीं पाझरून भरतो, तसा बस्ति सूक्ष्म मुखांच्या असंख्य नाड्यांच्या योगें मूत्रानें भरतो, असें निदानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे. अश्मरी ही बहुधा बालकांस होते असेंही तेथेंच म्हटलें आहे, आणि चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायांत वर्णिलेलें शस्त्रकर्म मूत्राशयांतील खड्याचें आहे. तेव्हां संहितेंतील ‘अश्मरी’ हा शब्द मुख्यत्वेंकरून मूत्राशयांतील खड्यास लागू आहे. तो मूत्रवाहिनींतील खड्यास सरसकट लावणें बरोबर नाहीं. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडांतील तिसऱ्या सूक्तांत ‘गवीनी’ हा शब्द द्विवचनांत आला आहे व आयुर्वेदाच्या अध्यापनांत आज मूत्रवाहिनीस तेंच नांव देतात. परंतु शब्द जुना म्हणून त्याचा आजचा अर्थही तितकाच जुना, असें अनुमान काढतां येत नाहीं.

मात्र याच निदानाध्यायांत एक विधान असें आहे कीं त्याचा आपल्या विषयाशीं साक्षात् संबंध पोंचतो. अश्मरी वायूनें फुटली म्हणजे तिला शर्करा म्हणावें; ती लहान असून वायु अनुकूल असेल तर मूत्राबरोबर आपोआप बाहेर पडते, वायु प्रतिकूल झाला तर मार्गांत अडकून पीडा करते, असा त्याचा भावार्थ आहे. येथें दोन गोष्टी स्पष्ट आहेत. एक, लहान खडा औषधावांचूनही पडतो, ही गोष्ट ग्रंथकारास ठाऊक होती. दुसरी, खडा पडणें न पडणें हें केवळ खड्यावर नसून मार्गाच्या चलनवलनावरही अवलंबून आहे, असें तो मानीत होता.

(३) यानंतर औषध व शस्त्र यांची सीमा. सुश्रुताच्या मतें अश्मरी हा यमासारखा दारुण व्याधि होय. तो नवा असतां औषधांनीं साध्य, वाढला म्हणजे मात्र छेदनास पात्र. औषधांची योजना दोषपरत्वें सांगितली आहे. वातज अश्मरींत पाषाणभेद, अश्मंतक, शतावरी, गोक्षुर, रिंगणी इत्यादिकांनीं सिद्ध केलेलें तूप. पित्तजेंत कुश, काश वगैरे तृणांच्या मुळांचें. कफजेंत वरुणादि गणाचें. याशिवाय गोक्षुराच्या बियांचें चूर्ण मधाबरोबर मेंढीच्या दुधांतून सात दिवस घ्यावें, तीळ, आघाडा, केळ, पळस व यव यांचा क्षार मेंढीच्या मूत्रांतून घ्यावा, असे पाठ आहेत. कुळिथाचा अश्मरीनाशक गुण सूत्रस्थानांतील धान्यवर्गांत नमूद आहे.

हें सर्व निष्फळ झाल्यावर शस्त्र. तेथें ग्रंथकाराची भाषा एकदम सावध होते. कुशल वैद्याच्या हातूनही यश निश्चित नाहीं. परंतु कांहींच न केल्यास मृत्यु निश्चित आणि केल्यास संशय, म्हणून ईश्वरास म्हणजे राजास अगर धन्यास विचारून हें कर्म करावें, असें तो सांगतो. औषधाच्या पाठांत ‘भेदन करतें’, ‘नाश करतें’ अशीं निःशंक क्रियापदें आणि शस्त्राच्या पाठांत संशय, हा भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. शस्त्रकर्मांत यशापयश सर्वांच्या डोळ्यांसमोर घडतें; औषधाचें यश खड्याबरोबर बाहेर पडतें, अपयश मात्र रोग्याबरोबर दुसऱ्या वैद्याकडे जातें. पहिल्या ठिकाणीं अनुभवानें भाषेस लगाम घातला, दुसऱ्या ठिकाणीं तो घातला गेला नाहीं, असें दिसतें.

आपण वाचतों तो पाठ बहुतेक यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं डल्हणाच्या टीकेसह संपादून मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत १९१५ सालीं प्रथम प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीच्या परंपरेंतील असतो. डल्हण बाराव्या शतकांतला. सुश्रुताची कालनिर्देश असलेली सर्वांत जुनी ज्ञात पोथी नेपाळांत काठमांडूच्या कैसर ग्रंथालयांत आहे; ती ताडपत्री असून इ. स. ८७८ ची आहे. म्हणजे टीकेच्या आधीं सुमारें तीन शतकांचा पाठ उपलब्ध आहे. औषधिपाठांवर कांहीं सिद्धांत रचण्यापूर्वीं अशा पोथ्यांशीं ताडून पाहणें अवश्य आहे.

(४) चरकसंहितेंत हा विषय चिकित्सास्थानाच्या त्रिमर्मीय नांवाच्या सव्विसाव्या अध्यायांत आला आहे. तेथें एक चमत्कारिक उपाय आढळतो : मद्य प्राशन करून रथांतून किंवा वेगवान् घोड्यावर बसून जावें, म्हणजे शर्करा सुटून पडते, अश्मरी मात्र इतक्यानें शमली नाहीं तर शल्यविदानें ती काढावी. चरकाची शाखा कायचिकित्सेची; तरीही औषधाची हद्द कोठें संपते हें तिनें मोकळेपणानें सांगितलें आहे.

घोडदौडीचा हा उपाय वाचून हंसूं येईल. परंतु २०१६ सालीं अमेरिकेंतील दोन वैद्यांनीं मूत्रपिंडाची सिलिकोनची प्रतिकृति करून, तींत खडे घालून, फ्लोरिडांतील ऑर्लँडो येथील एका क्रीडोद्यानांत उंचसखल रुळांवरून धांवणाऱ्या गाडींत ती वारंवार फिरविली. मागच्या बाकावर ३६ पैकीं २३ वेळां खडा सुटला, पुढच्या बाकांवर २४ पैकीं ४ वेळां. यावरून चरकाचें म्हणणें सिद्ध झालें असें कोणीं समजूं नये. प्रतिकृति म्हणजे मनुष्य नव्हे, आणि मूत्रपिंडांतून खडा सुटणें म्हणजे मूत्रवाहिनींतून तो पार होणें नव्हे. परंतु या प्रयोगाची एक रीत ध्यानांत घ्यावी : पुढचें बाक व मागचें बाक अशी तुलना त्यांत आहे. जुन्या पाठांत नेमकी तीच नसते.

(५) औषधांच्या नांवांची अडचण पोथीसंग्राहकांस विशेष जाणवेल. गोक्षुर म्हणजे सराटे आणि वरुण म्हणजे वायवरणा, येथें फारसा वाद नाहीं. अश्मंतक म्हणजे सामान्यतः आपटा; दसऱ्याच्या पूजेंत त्याचें हेंच नांव उच्चारलें जातें. पण पाषाणभेदाचें तसें नाहीं. हिमालयांत खडकांच्या फटींतून उगवणारी एक वनस्पति, आपल्याकडील कपुरी माधुरी, पानांतूनच नवीं रोपें फुटणारी पानफुटी, पानओवा, अशा परस्परांशीं नातें नसलेल्या अनेक वनस्पति निरनिराळ्या प्रांतांत पाषाणभेद या नांवानें वापरल्या गेल्या आहेत. खडकास भेदून उगवते ती खड्यासही भेदील, या सादृश्यावरून हें नांव पडलें असावें व पसरलें असावें. तेव्हां एखाद्या बाडांत ‘पाषाणभेदानें गुण आला’ असें लिहिलेलें असलें तरी गुण कशानें आला, हें त्या एका शब्दावरून ठरत नाहीं. कोणत्या प्रांतांतील बाड, लेखक वनस्पति कोठून आणी, शेजारीं तिचें देशी नांव दिलें आहे काय, हें पाहिल्यावांचून तो पुरावा अपुरा समजावा.

(६) हाच प्रश्न अठराव्या शतकांत इंग्लंडांत थेट पार्लमेंटापुढें आला. त्याचे कागद चांगले टिकले असल्यामुळें पुराव्याच्या दृष्टीनें तो प्रसंग फार बोधप्रद आहे. जोआना स्टीफन्स नांवाची बाई मूत्राशयांतील खडा औषधानें विरघळवितें असें सांगे. शस्त्रकर्म त्या काळीं बेशुद्ध न करतां होई. त्यामुळें तिच्या औषधाची केवढी ओढ लागली असेल हें सांगावयास नको. औषधाची कृति उघड करण्यास तिनें ५,००० पौंड मागितले. १७३८ त वर्गणी सुरू झाली, ती १,३५६ पौंड ३ शिलिंगांपाशीं थांबली. अखेर १७३९ त पार्लमेंटनें ती रक्कम देण्याचा कायदा केला व जूनमध्यें कृति सरकारी गॅझेटांत प्रसिद्ध झाली. तींत अंड्यांच्या व गोगलगाईंच्या कवचांची भस्में, साबण, मध व कांहीं जाळलेल्या वनस्पति, असे पदार्थ निघाले. विश्वस्तमंडळानें रोग्यांची तपासणी करून १७४० च्या मार्चांत अनुकूल दाखला दिला.

दाखला देणारे लोक लबाड नव्हते. स्टीफन हेल्ससारखा प्रयोगकुशल शास्त्रज्ञ या चौकशींत होता, आणि औषधांतील कार्यकारी भाग चुना व साबणांतील क्षार हाच, हें त्यानें प्रयोगांनीं दाखविलें. उणीव होती ती पुराव्याच्या जातींत. औषधापूर्वीं सळई घातली तेव्हां खडा लागला, मागाहून लागला नाहीं, हा मुख्य आधार. परंतु सळईस खडा न लागणें म्हणजे खडा नसणें नव्हे. आणि औषध न घेतलेल्या तशाच रोग्यांचें काय झालें, हें कोणीं पाहिलेंच नाहीं. पुढें १७४५ त माजी मुख्य प्रधान रॉबर्ट वॉल्पोल याच्या शेवटच्या आजारांत याच जातीचें तीव्र क्षारौषध दिलें गेलें. त्याच्या मृत्यूनंतर जॉन रॅन्बी या शस्त्रवैद्यानें पुस्तिका छापून दोष जेम्स ज्यूरिनच्या त्या औषधावर ठेविला, आणि दोन्ही पक्षांत पत्रकयुद्ध माजलें.

(७) असो. या खटपटींतून एक अकल्पित लाभ झाला. खड्यावर चुन्याच्या निवळीपेक्षां सौम्य क्षार शोधावा म्हणून एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅकनें मॅग्नेशियावर प्रयोग आरंभिले. १७५४ चा त्याचा प्रबंध व १७५६ चा विस्तृत निबंध यांतून ‘स्थिर वायु’ म्हणजे आज ज्यास कार्बन डायऑक्साइड म्हणतात त्याचा शोध लागला. १७७६ त शीलनें मूत्राशयांतील खड्यांतून युरिक आम्ल वेगळें काढलें. १७९७ त वोलास्टननें खड्यांच्या निरनिराळ्या जाति रसायनशास्त्रानें दाखवून दिल्या. यामुळें जुना वाद निराळ्याच प्रकाशांत दिसूं लागला. युरिक आम्लाचा खडा मूत्र क्षारयुक्त केल्यास विरघळूं शकतो, आणि आजही त्यासाठीं पोटॅशियम सायट्रेटसारखीं औषधें देतात. पण सर्वांत अधिक आढळणारा कॅल्शियम ऑक्झलेटाचा खडा त्यानें विरघळत नाहीं. म्हणजे सुश्रुताचे क्षार व स्टीफन्सबाईचा साबण सर्वस्वीं निराधार नव्हते, आणि सर्वत्र उपयोगी तर मुळींच नव्हते. ‘खड्यावर औषध’ हा शब्दप्रयोगच अपुरा ठरला. कोणता खडा, केवढा, कोठें, असें विचारणें भाग पडलें.

(८) केवढा व कोठें याचें उत्तर क्षकिरणांनीं दिलें. राँटजेननें ते १८९५ त शोधले व पुढच्याच वर्षीं ग्लासगोच्या जॉन मॅकिंटायर यानें मूत्रपिंडांतील खड्याचें छायाचित्र घेतलें. १९८० च्या फेब्रुवारींत म्यूनिक येथें बाहेरून आघातलहरी सोडून खडा फोडण्याचा उपाय मनुष्यावर प्रथम झाला. औषधाची दिशाही बदलली. खडा विरघळविण्याऐवजीं मार्ग सैल करावा, असा विचार पुढें आला. मूत्रवाहिनीच्या स्नायूंत अ‍ॅड्रेनलिनसदृश द्रव्यांस प्रतिसाद देणारीं ग्राहकस्थानें आहेत हें १९७० त दाखविलें गेलें; त्यांपैकीं आल्फा जातीचीं स्थानें नळीच्या खालच्या भागांत दाट असतात. तीं अडविलीं म्हणजे तेथील आकुंचन मंदावतें, आणि वरून सांचलेल्या मूत्राच्या दाबानें खडा खालीं सरकण्यास वाव मिळतो. प्रोस्टेट ग्रंथीच्या विकारासाठीं जपानांत निघालेलें टॅमसुलोसिन हें औषध या हेतूनें वापरांत आलें. त्यापूर्वीं १९९४ त इटलींत निफेडिपिन व एक स्टेरॉइड यांचा प्रयोग झाला होता.

वायु अनुकूल असतां शर्करा पडते हें सुश्रुतवचन येथें अनेकांस आठवेल. साम्य आहे, तें मान्य करावें. परंतु सुश्रुतास ग्राहकस्थानें ठाऊक होतीं असें म्हणणें म्हणजे पेशव्यांच्या दप्तरांत तारायंत्र शोधण्यासारखें आहे. त्याचें निरीक्षण खरें ठरलें. त्याची उपपत्ति त्याच्या काळाची होती.

(९) आतां मुख्य मुद्दा. आपल्या नैयायिकांनीं कार्यकारणभावास अन्वय व व्यतिरेक असे दोन्ही लागतात असें सांगितलें आहे : कारण असतां कार्य होतें, आणि कारण नसतां होत नाहीं. केवळ अन्वयावर भिस्त ठेविली तर काकतालीय न्यायाचा प्रसंग येतो. कावळा बसायला व फांदी तुटायला एकच गांठ. मुतखड्याच्या बाबतींत ही फांदी वारंवार आपोआपच तुटते. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत १७२ रोग्यांचे खडे मोजून पाहिले. १ मिलिमीटरचे शेंकडा ८७, २ ते ४ मिलिमीटरचे शेंकडा ७६, ५ ते ७ चे शेंकडा ६०, ७ ते ९ चे शेंकडा ४८ आणि त्याहून मोठ्यांपैकीं शेंकडा २५ आपोआप पडले. दहांपैकीं सातआठ खडे जेथें स्वतःच पडतात, तेथें कोणताही काढा, कोणतेंही भस्म व कोणतीही गोळी ‘अनुभविक’ ठरल्यावांचून कशी राहील?

व्यतिरेकाची सोय आधुनिक परीक्षणांनीं केली. रोग्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडावयाचे; एकास औषध, दुसऱ्यास तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी; कोणास काय दिलें हें रोग्यास व वैद्यासही कळूं द्यावयाचें नाहीं. २००६ त ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत ९ लहान परीक्षणांतील ६९३ रोग्यांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. त्यांत औषध घेणारांचा खडा पडण्याचा संभव शेंकडा ६५ नीं अधिक दिसला. प्रघात पडला. परंतु २०१५ त ब्रिटनमधील २४ रुग्णालयांत १,१६७ रोग्यांवर मोठें परीक्षण झालें तेव्हां चार आठवड्यांत पुढील उपायाची गरज न पडलेले रोगी टॅमसुलोसिनच्या गटांत शेंकडा ८१, निफेडिपिनच्या गटांत ८० आणि नुसत्या गोळीच्या गटांतही ८० निघाले. २०१८ त अमेरिकेंतील ५१२ रोग्यांत हें प्रमाण अनुक्रमें शेंकडा ५० व ४७ आलें. हा फरक नगण्य ठरला. त्याच सालीं चीनमधील ३० केंद्रांतील ३,२९६ रोग्यांचें परीक्षण प्रसिद्ध झालें. त्यांत नळीच्या खालच्या भागांतील ४ ते ७ मिलिमीटरचेच खडे घेतले होते. तेथें शेंकडा ८६ व ७९ असा फरक पडला, व तो मुख्यतः ५ मिलिमीटरहून मोठ्या खड्यांत दिसला.

हे निर्णय परस्परविरुद्ध भासतात. पण साधनांची चिकित्सा केली असतां विरोध पुष्कळसा मिटतो. ब्रिटिश परीक्षणांत ‘पुढील उपायाची गरज पडली नाहीं’ एवढेंच मोजलें होतें. खडा खरोखर पडला कीं नाहीं हें छायाचित्रानें प्रत्येकाचें पाहिलें नव्हतें. अमेरिकन परीक्षणांतील खडे सरासरीनें ३.८ मिलिमीटरचे, म्हणजे बहुतेक आपणहून पडणारेच. चिनी परीक्षणानें जागा व आकार दोन्ही बांधून घेतले. सर्वांचा मेळ घालतां निष्पन्न होतें तें असें : लहान खड्यास औषधाची गरज नाहीं, फार मोठ्यास तें पुरत नाहीं, आणि मूत्रवाहिनीच्या खालच्या टोकाशीं असलेल्या मधल्या आकाराच्या खड्यास त्याची माफक मदत होते. युरोपांतील मूत्रशल्यतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेंतही ५ मिलिमीटरहून मोठ्या व खालच्या भागांतील खड्यासाठींच हें औषध सुचविलें आहे. वाट पाहण्यासही हद्द आहे : ताप आला, मूत्र तुंबलें, किंवा एकच मूत्रपिंड असून तेंच अडलें, तर औषधावर विसंबून राहणें जिवावर बेततें.

(१०) या सर्व इतिहासांत सुश्रुताचा कोणता भाग टिकला, हें पाहण्याजोगें आहे. पाठांपैकीं कित्येकांची परीक्षा अजून व्हावयाची आहे, आणि पाषाणभेदासारख्यांत द्रव्याचाच निश्चय नाहीं. टिकली ती सीमा : लहान व नवें असेल तें मार्ग अनुकूल असतां निघेल, वाढलेलें असेल तें शस्त्राचें. पाठांपेक्षां सीमेचें ज्ञान अधिक मोलाचें ठरलें, कारण सीमा ठरवितांना ग्रंथकारानें अपयशही जमेस धरलें होतें.

तेव्हां आपल्या संग्रहांतील वैद्यकाच्या बाडांत मुतखड्याचा पाठ आढळल्यास नुसती कृति उतरून थांबूं नये. रोग्याचें वय, किती दिवस औषध दिलें, खडा खरोखर हातीं आला काय, त्याचा आकार कशाशीं ताडून सांगितला आहे, ज्वारीशीं, तुरीशीं कीं बोराशीं, आणि गुण न आल्याची एकादी नोंद आहे काय, हें सर्व उतरून घ्यावें. समासांतील शेरा मूळ हाताचा कीं मागाहूनचा, हेंही नमूद करावें. शंभर बाडांतील ‘अनुभविक’ या शेऱ्यांपेक्षां एका बाडांतील ‘सात दिवस दिलें, गुण नाहीं’ एवढी ओळ वैद्यकाच्या इतिहासास अधिक उपयोगी पडेल.